पितळेचं बाळ

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या नाताळच्या गव्हाणीतलं बाळ नसल्याचं कळलं. बायकोला जाऊन तेव्हा दोन महिने होत आले होते.

बाळ मातीचं, अंगठ्याएवढं. मी कपाटावरचा खोका खाली काढला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकेक मूर्ती सोडवून टेबलावर ठेवली. मरिया, योसेफ, मेंढपाळ, मेंढ्या, एक कान तुटलेलं गाढव. सगळ्यात शेवटी बाळाची डबी. उघडली, तर आत नुसता कापूस.

"मिळालं का सगळं?" थोरलीने स्वयंपाकघरातून विचारलं. माझी मुलगी. तिचं घर जवळच आहे, त्या दिवशी मुद्दाम मदतीला आली होती.

"डबी रिकामी आहे."

ती हात पुसत बाहेर आली. डबीत पाहिलं आणि हसली. मग तिचे डोळे भरले. "म्हणजे आईने दिलंय, बाबा. जायच्या आधी कुणालातरी देऊन गेली."

"कुणाला?"

"असं विचारायचं नसतं," ती अगदी आईच्या सुरात म्हणाली आणि गाढव पुसायला बसली.

हा नियम बायकोने माहेराहून आणला होता. डिसेंबर लागायच्या आत ती बाळ गुपचूप घरातल्या एकाला द्यायची. कुणाच्या उशीखाली ठेवायची, कुणाच्या जेवणाच्या डब्यात. ज्याला मिळेल त्याने ते नाताळपर्यंत अंगावर बाळगायचं. शाळेत, कामावर, दुकानात, जाईल तिथे न्यायचं आणि कुणाला सांगायचं नाही. समोरच्या खोलीत गव्हाण मांडलेली असायची. मरिया आणि योसेफ रिकाम्या गवताकडे बघत बसलेले. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चमधून आलो की घरातले सगळे दिवे बंद करायचे. ज्याच्याकडे बाळ असेल त्याने अंधारात जाऊन ते गवतावर ठेवायचं. मग दिवा लावायचा. बाळ आलेलं असायचं. कुणी आणलं ते कुणी विचारायचं नाही.

विचारायचं नाही, पण कळायचं. थोरलीला पहिल्यांदा मिळालं तेव्हा तिने ते मोज्यात ठेवलं होतं. पायाला फोड आला तरी बोलली नाही. धाकट्याने, म्हणजे माझ्या मुलाने, कंपासपेटीत ठेवलं. वर्गात खडखड वाजलं म्हणून बाईंनी जप्त केलं आणि आईला शाळेत जाऊन बाळ सोडवून आणावं लागलं. मेहुणीचा नवरा घर सोडून गेला त्या वर्षी ते मेहुणीकडे होतं. ती पोस्टात काउंटरवर बसते आणि बोलते तेसुद्धा शिक्का मारल्यासारखं. त्या डिसेंबरात ती एकदाही कुणावर खेकसली नाही, त्यावरूनच आम्ही ओळखलं.

मला कधीच मिळालं नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. लग्नानंतर सुरुवातीला मी बायकोला विचारायचो, "आमचा नंबर कधी?"

ती म्हणायची, "तुमच्या खिशात ग्रीस, चिंध्या, स्क्रू. बाळाला खोकला होईल." नाहीतर म्हणायची, "लिफ्टच्या शाफ्टमध्ये पडलं तर खाली उतरून शोधणार कोण?"

"मीच. दुसरं कोण?"

"झालं मग. लोक लिफ्टमध्ये अडकलेत आणि तुम्ही खाली टॉर्च घेऊन बाळ शोधताय."

सगळे हसायचे. मीही हसायचो. पण नोव्हेंबर संपत आला की कामावर डबा उघडताना मी आधी झाकणाखाली बघायचो. दर वर्षी बघायचो.

त्या रविवारी मला वाटलं होतं, यंदा बाळ डबीतच असणार. ती आजारी होती, तिला देणं जमलं नसेल. मग ते मी घ्यायचं. सांगायचं नाही हा तर नियमच आहे, म्हणजे कुणी काही म्हणायचा प्रश्नच नाही. म्हणून तर सकाळपासून मी खोका काढायची घाई करत होतो. आणि तिने तेवढ्यातही कुणालातरी देऊन टाकलं होतं. मला सोडून.

त्यानंतर माझं कामात लक्ष लागेना. मशीन रूममध्ये बसून मी हिशेब करायचो, कुणाला दिलं असेल? हॉस्पिटलमध्ये दिवसा जमेल तेव्हा मी असायचो, रात्री मेहुणी. दोघी बहिणींची कुजबुज मी जन्मभर ऐकली होती, आणि मी खोलीत गेलो की ती थांबायची. मेहुणीलाच दिलं असणार, यात मला शंका उरली नाही. ती घरी आली की तिचे हात कुठे जातात ते मी डोळ्यात तेल घालून बघायला लागलो.

पुढच्या रविवारी ती नाताळसाठी पडदे धुवायला आली. बहीण गेली तरी पडदे मळके राहता कामा नयेत, असं तिचं म्हणणं. कोट खुंटीला लावून ती मोरीत गेली. पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर मी कोटाचे खिसे तपासले. रुमाल, खोकल्याच्या गोळ्या, रबर बँड, बसचं जुनं तिकीट.

"काय पाहिजे, भाऊजी?"

ती ओला पडदा हातात घेऊन दारात उभी होती.

"गोळी. घसा खवखवतोय."

"हो? मग पर्स राहिली की बघायची." तिने पर्स उचलून माझ्यापुढे धरली. "घ्या. अस्तर उलटं करून दाखवू का?"

खाली पडद्याच्या पाण्याचं थारोळं झालं.

"माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "हे सांगणंसुद्धा नियमाबाहेरचं आहे, पण तुमचा चेहरा बघवत नाही." मग पडदा पिळत म्हणाली, "मला वाटलं होतं, मला देईल. रात्र रात्र त्या खुर्चीत बसून काढली मी. पाठीचं लाकूड झालं. आणि बाईसाहेबांनी दिलं दुसऱ्याच कुणालातरी."

"थोरलीला?"

"थोरली तुमच्यासारखीच. पोटात काही राहत नाही तिच्या. तिच्याकडे असतं तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"मग धाकटा?"

"तो दुसऱ्या गावात छापखान्यात. केव्हा आला आणि केव्हा गेला! त्याला कशाला देईल?"

इतक्या वर्षांत आमचं दोघांचं पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर एकमत झालं. ज्याला मिळालं त्याला ते मिळायला नको होतं.

पण एकमत होऊन काय उपयोग? तिला निदान एकदा तरी मिळालं होतं.

त्याच आठवड्यात मी ठरवलं की आपणच एक करायचं. एका जुन्या लिफ्टमधून काढलेला पितळेचा एक भरीव तुकडा माझ्या पेटीत पडून होता. जेवणाच्या सुट्टीत मी तो वाइसच्या पकडीत धरला आणि कानशीने घासायला लागलो. डोकं झालं. अंग झालं, कपड्यात गुंडाळल्यासारखं. हातपाय काढणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पॉलिश पेपर मारला. डोळ्यांसाठी सेंटर पंचने दोन ठिपके मारले, तर बाळ दचकल्यासारखं दिसायला लागलं. तोंडाच्या वाटेला मी गेलोच नाही.

ते मी शर्टाच्या खिशात ठेवलं. पितळ जड, खिसा लोंबायचा. वाकलो की हनुवटीला लागायचं. कामावर एकाने विचारलं, "उस्ताद, खिशात काय, लिफ्टचं काउंटरवेट?" मी म्हटलं, "हो." शाफ्टमध्ये उतरताना मी खिशाला पिन लावायचो. ते कधीच पडलं नाही. हे तिला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

माझा बेत साधा होता. अंधार झाल्या झाल्या पहिल्यांदा गव्हाणीपाशी पोचायचं. खरं बाळ ज्याच्याकडे असेल तो येईपर्यंत गवतावर माझं बाळ असलं पाहिजे. त्याला कळू दे जागा भरलेली आहे म्हणून. मग ठेवू दे कुठेतरी मेंढ्यांच्या मागे.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चमधून आम्ही सगळे माझ्याच घरी आलो. मेहुणी, बॅग घेऊन परस्पर स्टेशनवरून चर्चमध्ये आलेला धाकटा, थोरली, तिचा नवरा आणि माझी नात. नातीला आम्ही बटण म्हणतो. जन्मली तेव्हा तेवढीच होती. आता शाळेत जाते.

जावयाचं पुढच्या चौकात केस कापायचं दुकान आहे. न्हावी असून बोलत नाही, हा आमच्या घरातला त्याच्यावरचा एकच विनोद. मी त्याच्याविषयी कधी फार विचार केला नव्हता. त्या महिन्यात मी सगळ्यांवर संशय घेतला, त्याच्यावर घेतला नाही.

"तयार?" थोरलीने विचारलं. दिवे बंद करायचं काम आता तिने घेतलं होतं. "बटण, डोळे झाक."

"अंधारच आहे तर झाकायचे कशाला?"

"आजी म्हणायची तसं करायचं."

दिवे गेले. अंधारात चालण्यात माझा हात कोण धरणार? मी सरळ गव्हाणीपाशी गेलो, खिशातून बाळ काढलं आणि हात पुढे केला. गवतावर आधीच कुणाचा तरी हात होता.

आम्ही दोघेही थिजलो. तो हात मऊ होता, गरम होता आणि त्याला दाढीनंतर लावतात त्या लोशनचा वास येत होता. मी मागे हटलो नाही. त्या हाताने थोडं बाजूला सरकून मला जागा करून दिली. याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

थोरलीने दिवा लावला.

"दोन!" बटण ओरडली. "आई, दोन आलेत! जुळे झाले!"

गवतावर मातीचं बाळ होतं, आणि त्याला खेटून माझं पितळेचं, दचकलेलं. मेहुणीने आधी तोंडावर हात धरला, मग तिला हसू आवरेना, ती खुर्चीत बसली आणि हसता हसता रडायला लागली. धाकटा वाकून बघत म्हणाला, "यातलं एक तर सरळ वर्कशॉपमधून आलेलं दिसतंय." थोरली माझ्याकडे बघत होती. नियमाप्रमाणे तिने काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

जावई भिंतीला टेकून उभा होता आणि खाली बघत होता.

जेवण मी कसंबसं उरकलं. मेहुणीने केक कापला. जावई कचऱ्याची पिशवी घेऊन खाली निघाला तसा मीही निघालो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यावरचे सगळे विनोद करून झालेत. खालच्या मजल्याच्या वळणावर मी त्याला गाठलं.

"केव्हा दिलं तिने?"

"बाबा, विचारायचं नसतं ना."

"जावईबापू, मी विचारतोय."

त्याने पिशवी पायरीवर ठेवली. "केस काढले त्या दिवशी."

"केस नर्सने काढले."

त्याने पिशवीची गाठ पुन्हा आवळली.

"नर्सने काढले," मी पुन्हा म्हटलं.

"मी काढले, बाबा. त्यांनी फोन करून बोलावलं. म्हणाल्या, मशीन घेऊन या, हे कामावर आहेत तोवर."

तो दिवस मला आठवत होता. एका मोठ्या ऑफिसच्या लिफ्टचं ब्रेकचं काम होतं. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो तर तिच्या डोक्याला निळा रुमाल बांधलेला. उशीवर केस गळून पडायचे त्याचा तिला कंटाळा आला होता. म्हणाली, नर्सने काढून टाकले, हात हलका आहे तिचा. मी बाहेर जाऊन नर्सचे आभार मानले होते. ती म्हणाली होती, "कशाबद्दल?" मला वाटलं, किती साधी मुलगी आहे.

"मला का नाही सांगितलं?"

"त्या म्हणाल्या, तुम्ही समोर असलात तर त्यांना तुम्हालाच सावरत बसावं लागेल. त्या दिवशी तेवढी ताकद नव्हती त्यांच्यात."

वर कुणीतरी दार उघडलं आणि बंद केलं. आम्ही थांबलो.

"मला ते काम नको होतं," जावई म्हणाला. एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होतो. "दिवसभर लोकांची डोकी हातात असतात माझ्या. पण त्या दिवशी मशीन सरळ चालेना. त्याच मला म्हणाल्या, गिऱ्हाईक समजा. कानामागे थोडं लागलं."

"डाव्या."

"हो. डाव्या."

ती जखम मी पाहिली होती. रुमालाची पिन लागली असं तिने मला सांगितलं होतं. मी रोज तिथे मलम लावायचो. आपल्याला तिच्यासाठी काहीतरी करता येतंय म्हणून मला बरं वाटायचं. तेही याचंच निघालं.

"आणि बाळ?"

"झाल्यावर त्यांनी उशीखालून काढून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, ही मजुरी. तेव्हापासून माझ्याकडेच होतं. मी म्हटलं होतं, यंदा बाबांना द्या. खरंच म्हटलं होतं."

"मग?"

"म्हणाल्या, त्यांना कसं देणार? पुढच्या वर्षापासून द्यायचं काम त्यांचं. देणाऱ्याला मिळत नसतं. मला तरी कुठे मिळालं लग्नानंतर?"

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी दर वर्षी झाकणाखाली बघत होतो, आणि ती दर वर्षी दुसऱ्याच्या डब्यात ठेवत होती. तिच्या डब्यात कुणी काय ठेवलं, हे मी कधी बघितलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिची कणव आली नाही. मला एवढंच कळलं की आता ते मला कधीच मिळणार नाही. आणि हेसुद्धा तिने मला सांगितलं नाही, याला सांगितलं.

"पण तुम्ही आज ठेवलंत की," जावई म्हणाला.

"ते मला तिने दिलेलं नव्हतं."

त्याने पिशवी उचलली आणि खाली गेला. मी वर आलो.

सुट्ट्या संपल्यावर थोरलीने गव्हाण आवरली आणि मातीचं बाळ कापसाच्या डबीत ठेवून ती माझ्या हातात दिली. "हे आता तुमच्याकडे," म्हणाली. म्हणजे नवऱ्याने तिला सगळं सांगितलं होतं. पितळेचं बाळ बटणने मागून घेतलं. तिने वर्गात जाऊन सांगितलं की येशूला एक लोखंडी भाऊ होता, तो उशिरा आला. बाईंनी थोरलीला शाळेत बोलावलं.

"बाबा, हिला आता तुम्हीच नीट समजावून सांगा," थोरली चिडून म्हणाली.

"लोखंडी नाही, पितळी," मी बटणला म्हटलं.

"हेच समजावायचं होतं का?"

पण बटणच्या डोक्यात पक्कं बसलंय. एक बाळ आजीचं, एक आजोबांचं, नाताळला दोन येतात. मोठी झाली की ती तिच्या मुलांना हेच सांगेल. बायको असती तर तिने दोन वाक्यांत सरळ केलं असतं. मला ते जमलं नाही, आणि फार प्रयत्नही मी केला नाही.

ते वर्ष सरत आलं. जावई वाईट माणूस नाही. माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलतो, म्हणजे दोन वाक्यं. पण त्याच्या दुकानावरून जाताना मशीनचा आवाज आला की मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. केस मी दुसरीकडेच कापून घेतो. काच साफ असते त्याच्या दुकानाची, आतली खुर्ची दिसते, आणि मला वाटतं, हाच हात.

आता देणारा मी, हे सगळ्यांना कळलं होतं; नोव्हेंबरात सगळ्यांचं येणं-जाणं वाढलं. धाकट्याचे फोन येऊ लागले, मग तो दोन दिवस राहून गेला. मेहुणीने माझ्या दोन शर्टांच्या कॉलर उलटवून दिल्या आणि म्हणाली, "लाच देतेय असं समजू नका. आणि समजलात तर तसं समजा." बटणने कोटाचा खिसा उलटा करून दाखवला. "बघा आजोबा, याला भोक नाही." जावयाने तेवढं काही केलं नाही. त्याला मिळून झालंय.

धाकटा राहायला होता तेव्हा तो आंघोळीला गेल्यावर मी बाळ त्याच्या बॅगेत ठेवलं. पाण्याचा आवाज थांबायच्या आत परत काढून घेतलं. बटण माझ्याकडे झोपली त्या दुपारी तिच्या उशीखाली ठेवलं. ती झोपेत हसली, आणि मला वाटलं, आता हिला मिळणार, महिनाभर ही मिरवणार, आणि मी बघत बसणार. तिथूनही काढून घेतलं. मेहुणीचा कोट खुंटीला होता, त्याच्याजवळ तर मी गेलोच नाही. देताना प्रत्येक वेळी माझी बोटं सुटत नाहीत. बायको हे इतकी वर्षं कसं करत होती, ते तिला विचारायला हवं होतं.

बाळ माझ्या खिशात आहे. रोज कामावर नेतो. पण मला ते कुणी दिलेलं नाही, म्हणून ते मिळालं असं धरता येत नाही.

आज डिसेंबरचा पहिला रविवार. थोरली येऊन गेली, गव्हाण मांडून झाली, तिने डबी उघडून पाहिली आणि रिकामी बघून समाधानाने हसली. तिला वाटलं, मी दिलं. मी अजून कुणालाही दिलेलं नाही.